कानामागची शाई

"गेली का?"

शकीबाने दारातूनच विचारलं. पायातले बूटसुद्धा अजून काढले नव्हते तिने. मी खिडकीपाशी उजेडात हात धरून बसले होते.

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"वरचा जांभळा रंग उतरला. खालचा काळा तसाच आहे."

ती जवळ आली, माझी तर्जनी धरून उलटसुलट करून पाहिली. आदल्या दिवशी त्या बोटाला आम्ही दह्याची आंबट निवळी लावून ठेवली होती. मधल्या बोटाला रॉकेल, करंगळीला चुलीतली राख. डावा हात लिंबू आणि ब्लीच यांच्यात वाटून टाकला होता. सगळी बोटं कोळसा उगाळल्यासारखी दिसत होती आणि मी खूष होते.

"बघते दुसरं काहीतरी," शकीबा म्हणाली.

तिच्या चिकाटीचं मला कौतुक वाटलं. बाजारात, शेजारीपाजारी विचारून ती रोज काहीतरी नवीन घेऊन यायची. असा मदतनीस मला सांगलीच्या प्रयोगशाळेतही मिळाला नव्हता.

सांगलीजवळच्या एका लहान रसायन कारखान्यात मी शाई तपासायचे. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती. तिच्यात चांदीचा एक क्षार असतो. कातडीवर तो उजेडात काळा पडतो आणि मग कातडीबरोबरच झिजतो. त्या वर्षी आमची खेप एका डोंगराळ देशात गेली. देशाचं नाव मी लिहीत नाही, तिथली काही माणसं अजून तिथेच राहतात. परदेशी फौज येऊन बसली होती, डोंगरातून तिच्याशी लढणारे होते, आणि या दोघांच्या मधे निवडणूक घ्यायचं ठरलं होतं. तिथल्या पाण्याने, तिथल्या साबणाने शाई निघत नाही ना, हे तिथे राहून बघायला कुणीतरी हवं होतं. कारखान्यातलं कुणी जायला तयार होईना. माझी आई नुकतीच वारली होती. 'जाऊ का' असं विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी गेले.

वाळूच्या पोत्यांच्या भिंतीआड पत्र्याच्या खोल्या होत्या. फाटकाबाहेर पाऊल टाकायला बंदी. जेवणघरात सगळे हसून मान हलवायचे आणि आपापल्या कंपूत जाऊन बसायचे. दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते दुभाषी म्हणून दिलेल्या शकीबाशी. तिचं लहानपण सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत गेलं होतं, तिथे ती उर्दू शिकली. माझं हिंदी सांगलीचं. त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी आम्ही बोलायचो.

"इंजिनियर साहेब," ती मला म्हणायची.

"मी इंजिनियर नाही गं."

"आमच्याकडे जो चष्मा लावतो आणि कमी बोलतो, तो इंजिनियर."

एकदा तिच्या पिशवीतून पितळेचं टोपण घरंगळलं. शिवताना बोटात घालतात ते. मी उचलून दिलं आणि सहज म्हणाले, "अंगुस्तान."

ती चमकली. "तुम्हाला आमची भाषा येते?"

"हा मराठी शब्द आहे. माझी आई शिवणकाम करायची."

"मराठी कसा? अंगुश्त म्हणजे बोट. अंगुश्ताना. आमचा शब्द आहे. तुम्ही कधी चोरलात?"

"तुमचे लोक घोड्यावर बसून आले होते तेव्हा सांडून गेले असतील."

ती इतकी हसली की बाहेरच्या पहारेकऱ्याने खिडकीतून डोकावून पाहिलं. त्या दिवसापासून मी माझ्या भाषेतले तिचे शब्द वेचून ठेवायला लागले. दरवाजा, मेज, अनार. संध्याकाळी ती गेली की खोलीत पुन्हा जनरेटरची घरघर तेवढी राहायची, आणि मी उद्या तिला कोणता शब्द सांगायचा ते ठरवत पडून राहायचे.

दर गुरुवारी ती तिच्या खोऱ्यात घरी जायची. तिथे तिच्या दोन मुली सासूजवळ होत्या, नवरा परमुलखात मजुरीला. निघताना पिशवीतून अंगुस्तान काढून ती बोटात घालायची. बसमध्ये कुठलं शिवणकाम करते, असं वाटायचं मला. विचारलं मात्र नाही. आणखी एक गोष्ट मी विचारली नव्हती. शाई ती कधीही स्वतःच्या बोटाला लावू द्यायची नाही. माझी बोटं अपुरी पडायला लागली, तरी ती हात पाठीमागे घ्यायची. शकुन-अपशकुनाचं काही असेल म्हणून मी सोडून दिलं.

एका शनिवारी ती परत आली ती कागदात बांधलेली पांढरी भुकटी घेऊन.

"चामडं कमावणाऱ्याकडून आणली. केस, चरबी, सगळं निघतं म्हणे याने."

मी वास घेतला. "चुना आहे, त्यात आणखी काहीतरी जळजळीत आहे. कातडी सोलून निघेल. दुसऱ्यांदा मत द्यायला म्हणून कुणी एवढं सोसणार नाही."

"दुसऱ्यांदा?" शकीबा म्हणाली. "दुसऱ्यांदा मत द्यायला कोण धुणार आहे?"

मी भुकटी मेजावर ठेवली.

"साहेब, आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी ते डोंगरातले लोक बस थांबवतात. सगळ्यांना हात पुढे करायला सांगतात. मतदानाच्या दिवसापासून ज्याच्या बोटाला निशाणी दिसेल त्याचं बोट राहणार नाही, असं त्यांनी गावागावात सांगितलंय. बाई असो की पुरुष. ते नुसतं बोलत नाहीत."

"आणि अंगुस्तान?"

"मी शहरात शिवण शिकवते असं घराबाहेर सगळ्यांना माहीत आहे. इथे येते हे नाही. पण हात दाखवताना ते काढायला लावतात."

तिने माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं. "मी रोज विचारायची ना, गेली का? तुम्ही 'नाही' म्हणायचात तेव्हा तुमचा चेहरा कसा उजळायचा. मला वाटायचं, उद्या काहीतरी सापडेल."

मी भुकटी परत कागदात बांधली. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"मग देऊ नकोस मत," मी म्हणाले.

"आमच्या खोऱ्यातून बीबी हाजरा उभी आहे. सुईण आहे ती. माझ्या दोन्ही मुली तिच्याच हातावर झाल्या. समोर जुन्या कमांडरचा पुतण्या. बीबी निवडून आली तर दवाखान्याचं कुलूप निघेल, एवढंच तिने कबूल केलंय. पुरुषांची मतं पुतण्याची. तिची मतं आहेत ती आमची. आणि बायकांना भाकरी थापायला बोटं लागतात, साहेब."

चांदीचा तो डाग काढायची एक रीत मला माहीत होती. जुन्या फोटोवाल्यांना माहीत असते. ती मी शकीबाला सांगितली असती, तर तिचं बोट वाचलं असतं. पण आठवडाभरात ते औषध बाटलीत भरून बाजारात आलं असतं आणि दुसऱ्यांदा मत द्यायला कमांडरच्या माणसांनीच पहिली खरेदी केली असती. मी बोलले नाही.  निघायच्या वेळी शकीबाने भिंतीवरच्या छोट्या आरशात बघून ओढणी सारखी केली, केस कानामागे खोचले.

"थांब," मी म्हणाले. "परक्या बाईच्या कानामागे बघतील का ते?"

"काय?"

"माझी आई मी परीक्षेला निघाले की कानामागे काजळाचं बोट लावायची. तीट म्हणतो आम्ही. नजर लागू नये म्हणून. कुणाला दिसत नाही."

"नजरेसाठी आम्ही इस्पंदचं बी जाळतो, त्याचा धूर देतो." मग तिला उमगलं. ती सावकाश माझ्याकडे वळली. "ओढणी हटवून? परक्या बाईची? त्यांच्यातल्या एकाने तसं केलं तर दुसराच त्याला गोळी घालेल."

दुसऱ्या दिवशी मी क्रेगकडे गेले. मतदान साहित्याचा तो प्रमुख, परदेशी, उंच, नेहमी थकलेला. त्याने नीट ऐकून घेतलं. बायकांच्या मतदान केंद्रात सगळ्या बायकाच असतात, येणारीचा कान त्या तपासू शकतात, बोटाइतकीच खात्री मिळते, हे त्याला पटलंही.

"कल्पना चांगली आहे," तो म्हणाला. "पण बोटच हवं."

"का?"

त्याने भिंतीकडे हात केला. तिथे कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या निवडणुकीचं चित्र होतं. एक म्हातारी शाईचं बोट उंच करून हसत होती.

"हा फोटो लागतो. आमच्या देशात लोक विचारतात, आमची मुलं तिकडे कशाला मरतायत? त्याचं उत्तर हे. कानाचा फोटो कोण छापणार?" त्याने डोळे चोळले. "मला स्वतःला विचाराल तर कानाला माझी हरकत नाही."

शकीबाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं." त्या आठवड्यात ती नेहमीप्रमाणे घरी गेली, मतदान होईपर्यंत परत येणार नव्हती.

खोऱ्यातल्या बायकांच्या केंद्रावर शाईची देखरेख करायला बाहेरची कुणी बाई जायला तयार नव्हती. मी नाव दिलं. क्रेगने दोनदा विचारलं आणि सही केली.

केंद्र खोऱ्याच्या तोंडाअलीकडच्या गावात, धान्याच्या जुन्या कोठारात होतं. मधे चौक, वर मोकळं आकाश, भोवती उंच मातीच्या भिंती. फौज रस्त्यापलीकडे. आत बायकाच. केंद्रप्रमुख आदेला नावाची मास्तरीण होती, तीही छावणीत वाढलेली, त्यामुळे आमचं बोलणं जमत होतं. सकाळ चढली, ऊन चौकात उतरलं, पण एकही बाई आली नाही. बाहेर भिंतीला टेकून बीबी हाजरा बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. कुणाच्या घरी बाळंतीण अडलेली असताना बसतात तशी.

"येतील?" मी आदेलाला विचारलं.

"बोटाला हळद लागली तरी दिवसभर पुसत बसतात आमच्या बायका," आदेला म्हणाली. "शाई कोण लावून घेईल?"

मग एक बाई आली. निळ्या बुरख्यात, तिथल्या सगळ्यांसारखी. आदेलाने नाव पाहिलं, बाईने मतपत्रिका घेतली, पडद्याआड गेली, पेटीत घडी टाकली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बुरख्यातून हात बाहेर आला. तर्जनीवर पितळेचं अंगुस्तान होतं. दुसऱ्या हाताने तिने ते काढलं आणि बोट पुढे केलं.

आम्ही एकमेकींना ओळखत नाही, असंच दिसायला हवं होतं. जाळीमागचे डोळे मला दिसत नव्हते. बोट मात्र दिसत होतं. स्वच्छ, पुढच्या पेरावर सुईने टोचल्याच्या जुन्या खुणा. म्हणजे शिवण ती खरंच करत होती.  मी काडी शाईत बुडवली.

"बुरखा मागे घे," मी म्हणाले.

ती हलली नाही.

"मागे घे गं. कान दाखव."

तिने बुरखा डोक्यावरून मागे टाकला. मी केस बाजूला केले, कानामागच्या हाडावर शाईचा ठिपका दिला.

आदेला खुर्चीवरून उठली. "हे नियमात नाही."

"शाई कशासाठी असते?" मी विचारलं. "दुसऱ्यांदा आलेली बाई ओळखू यावी म्हणून. ओळखू येईल. येणाऱ्या प्रत्येकीचा कान आधी तपासायचा."

आदेलाने शकीबाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग टेबलावरच्या स्वतःच्या हाताकडे. तिलाही संध्याकाळी घरी जायचं होतं.

"दुसरी मी," ती म्हणाली आणि ओढणी मागे सारली.

मी शकीबाला चौकाच्या भिंतीशी, उन्हात बसवलं. ही शाई अंधारात पक्की होत नाही, तिला उजेड लागतो. ओढणीखाली झाकली तर काळी पडायला वेळ घेते. थोड्या वेळाने ती उठली, बुरखा ओढला आणि बाहेर पडली. तिने काय केलं ते मला नंतर कळलं. ती सरळ गल्लीत गेली आणि दारोदार दोन्ही स्वच्छ हात पुढे करून दाखवत सुटली.

आधी दोघी आल्या. मग एक घोळका. मग चौक भरला. भिंतीशी बायकांची रांग बसली, डोकी उघडी, एक कान उन्हाकडे केलेला, जणू सगळ्या मिळून भिंतीपलीकडचं काहीतरी ऐकतायत. कितीतरी जणींच्या केसांना बाहेरचं ऊन पहिल्यांदाच लागत असेल. गलका सुरू झाला.

"गुदगुल्या होतात हो!"

"हलू नकोस, मानेवर ओघळ येईल."

एक म्हातारी काही बोलली आणि सगळा चौक खिदळला. आदेलाने डोळे पुसत मला सांगितलं, "म्हणते, जागा पक्की शोधलीत. माझ्या नवऱ्याने लग्न झाल्यापासून माझ्या कानामागे बघितलेलं नाही."

दुपारी एक तरुण बाई आली. आदेलाने तिचा कान पाहिला आणि तो धरलाच. मागे ठिपका होता, चांगला काळा पडलेला. बाई जावेच्या नावावर पुन्हा आली होती.

"जावेला ताप आहे!" ती ओरडली.

"तिला सांग, ताप उतरला की स्वतःचा कान घेऊन ये," आदेला म्हणाली.

मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले. शाईने तिचं काम केलं होतं.

मतदान संपता संपता क्रेग दोन फोटोवाल्यांना घेऊन आला. ते दाराबाहेर थांबले. बाहेर पडणाऱ्या बायकांना त्यांच्या दुभाष्याने सांगितलं, हात वर करा. बायका आधी बिचकल्या. मग बुरख्यांतून हात बाहेर आले, एकेक नव्हे, दोन्ही, अख्खे पंजे. सगळे स्वच्छ. फोटोवाल्यांनी कॅमेरे खाली घेतले. क्रेगने माझ्याकडे पाहिलं. रागावला नव्हता तो. दुरून एखादी वस्तू पडताना दिसते आणि हात पोचत नाही, तसा चेहरा होता.

चार दिवसांनी त्याने मला बोलावलं. कमांडरच्या पुतण्याने तक्रार केली होती. खोऱ्यातल्या बायकांच्या पेटीत मतं आहेत आणि गावात एकाही बाईच्या बोटाला शाई नाही, म्हणजे मतं खोटी आहेत. पेटी मोजणीतून वगळली होती.

"कान तपासा," मी म्हणाले. "मी येते. एकेकीचा दाखवते."

"नियमात बोट आहे, शरयू."

"तुम्हाला माहीत आहे ती मतं खरी आहेत."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तुमचं परतीचं तिकीट उद्याचं काढलंय. चौकशी लागण्याआधी निघा."

शकीबा निरोपाला आली तेव्हा मी बॅग भरत होते. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "माहीत आहे मला. पुतण्या आला निवडून. बीबी हाजरा म्हणाली, कुलूप तर कुलूप, बाळंतपणं काय दवाखान्याच्या चौकटीबाहेर होत नाहीत?"

"शकीबा, मी बोटाला लावली असती, तर..."

"तर पेटी मोजली असती. एका मताची." ती पलंगाच्या कडेवर बसली. "त्या संध्याकाळी त्यांनी बस थांबवली. सगळ्या बायकांचे हात पाहिले. उलटे, पालटे, नखांच्या कडा. माझं अंगुस्तान काढायला लावलं. मग त्यांच्यातला एक म्हणाला, या खोऱ्यातल्या बायका शहाण्या आहेत, घरीच बसल्या." तिला हसू यायला लागलं. "ते म्हणतात आम्ही मत दिलं नाही. तुमचा क्रेगही म्हणतो आम्ही मत दिलं नाही. एवढ्या लढाईत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं."

हसता हसता ती थांबली.

"आम्ही गेलो होतो, हे आमच्या कानांनाच माहीत. घरात ओढणी काढली की सासू माझं बघते, मी तिचं. आहे अजून, म्हणते. मुलींना वाटतं आम्हाला वेड लागलंय."

खिडकीत माझी नमुन्याची बाटली होती. तिने बूच काढलं, काडी बुडवली.

"इकडे ये," ती म्हणाली. इतके दिवस ती मला 'तुम्ही' म्हणायची. "डोकं वाकव, शरयूजान."

कानामागे गार लागलं. मग तिने माझी मान हलकेच खिडकीकडे वळवली आणि धरून ठेवली.

"उजेड लागतो ना हिला," ती म्हणाली. "किती दिवस राहते?"

"काही आठवडे. जागेवर आहे, माणसावर आहे."

"गेली की सांग मला."

तिच्या शेजाऱ्याच्या दुकानातला फोन नंबर मी लिहून घेतला होता. सांगलीहून लावला तेव्हा नुसता एक लांब सूर ऐकू यायचा. पुढच्या वर्षी तो सूरही बंद झाला. त्या खोऱ्याचं नाव एकदा वर्तमानपत्रात आलं होतं, बाँबच्या बातमीत, दोन ओळींत. बायकांबद्दल त्यात काही नव्हतं.

बोटांवरची शाई आधी गेली. कातडीची गेली, मग नखं वाढत गेली तशी नखांवरचीही. वर्षं लोटली आता. मी निवृत्त झाले. इथे निवडणूक असली की शाळेत जाते, तिथली मुलगी माझ्या बोटाला रेघ ओढते. घरी आल्यावर तेवढी ती रेघ सोबतीला असते.

दोन आरसे समोरासमोर धरले की स्वतःच्या कानामागचं दिसतं. प्रकाश कसा वळतो ते मला चांगलं कळतं, आईच्या पेटीत हात-आरसाही आहे. पण ती जागा आपण बघायची नसते. दुसऱ्या कुणीतरी केस बाजूला करून बघायची असते आणि सांगायचं असतं, आहे की गेली. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला दाखवलं नाही. आणि जे तपासलेलं नाही ते गेलं असं मी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही.